वारीचे साडेचार हजार फोटो, भिंतीवर जागा चाळीसांची

यंदा तुमच्या गावची दिंडी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला जाऊन आली. चौघांनी मिळून साडेचार हजार फोटो काढले. त्यातल्या चाळीसांचं प्रदर्शन कार्तिकी एकादशीला गावच्या विठ्ठलमंदिरात, सभामंडपाच्या भिंतींवर लावायचंय. एकदा निवड करूनही झाली, पण तुम्ही लिहिता तसं, ‘एकेक फोटो छान आहे, ओळीने बघितले की आपली वारी वाटत नाही, कुठल्याही कॅलेंडरवरची वाटते.’ निवडलेले चाळीस आणि बाजूला ठेवलेल्यांपैकी दीडशे, असे दोन्ही गठ्ठे तुम्ही मला पाठवलेत. मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या आणि दिवाळी अंकांच्या फोटो विभागात निवडीचंच काम केलं, आणि दर आषाढात वारीचे फोटो टेबलावर येत राहिले. त्यामुळे या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो.

तुमचं कॅलेंडरचं निदान बरोबर आहे. चाळिसात दिवेघाटाचे सहा आहेत, रिंगणाचे नऊ, डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्यांचे पाच, पावसात फुगडीचे तीन. फोटो म्हणून यातला एकही वाईट नाही. पण हे सगळे दुसऱ्या कुठल्याही दिंडीतल्या माणसाने काढले असते तरी असेच आले असते. तुमच्या गावातला माणूस सभामंडपात येईल तेव्हा त्याला दिवेघाट वारीच्या वाटेवर आहे हे सांगायची गरज नाही. यंदा आपल्या माणसांचं वाटेत काय झालं, हे त्याला बघायचं असतं.

आणि ते काय झालं, हे तुमच्याच पत्रात आहे. अगदी जाता जाता लिहिलंय तुम्ही: ‘आप्पांचे गुडघे धरले, म्हणून फलटणपासून वीणा त्यांच्या पुतण्याकडे दिली.’ माझ्या मते तुमचं प्रदर्शन या एका वाक्यात आहे. विणेकऱ्याचं दिंडीतलं स्थान काय ते तुम्हाला मी सांगायला नको. अभंग तो धरतो आणि टाळकरी उचलतात. वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. इतकी वर्षं जी वीणा एका माणसाच्या गळ्यात होती ती वाटेत दुसऱ्याच्या गळ्यात आली, हा तुमच्या दिंडीच्या इतिहासातला मोठा दिवस आहे. तुमच्या चाळिसात या दिवसाचा एकच फोटो आहे, तोही टँकरच्या रांगेचा.

म्हणून निवडीला बसण्याआधी एक काम करा. चौघं एकत्र बसून दोन-तीन वाक्यं कागदावर लिहा: निघताना दिंडी कशी होती, पोचताना कशी होती, मध्ये काय बदललं, कुणामुळे. लग्न असो, शाळेचा सुवर्णमहोत्सव असो, गावची जत्रा असो, हे लिहिल्याशिवाय मी फोटो उघडत नाही. कारण फोटो आधी उघडले की डोळा रंगाला आणि प्रकाशाला भुलतो, आणि मग आपण त्या रंगाला साजेशी गोष्ट मागाहून जुळवायला लागतो. तुमचा कागद मी माझ्या परीने लिहून बघितला: ‘आप्पांची वीणा घेऊन दिंडी आळंदीहून निघाली. फलटणला ती वीणा पुतण्याकडे आली. आप्पा ट्रकने पुढे जात राहिले, पण रोज विसाव्याला आणि तळावर दिंडीत येऊन उभे राहिले. पंढरपुरात दोघं बरोबर होते.’ शेवटचं वाक्य खरं आहे की नाही ते तुम्हाला माहीत. खरं नसेल तर जे खरं असेल ते लिहा. फोटोत दिसत नाही आणि घडलंही नाही, अशी गोष्ट निव्वळ क्रमाने सुचवता येते. ते करायचं नाही.

आता दीडशेच्या गठ्ठ्यातले वीणा देतानाचे दोन फोटो बघा. ते एकाच मिनिटातले असावेत. पहिल्यात आप्पा आणि पुतण्या दोघंही कॅमेऱ्याकडे बघतायत, वीणा दोघांच्या मध्ये धरलेली, मागे दिंडीतले पाच-सहा जण हसतायत, सगळं लख्ख आहे. दुसऱ्यात पुतण्या वाकलेला आहे, त्याचा चेहराच दिसत नाही. पट्टा त्याच्या गळ्यात गेलाय, पण आप्पांचा डावा हात अजून वीणेच्या भोपळ्याखाली आहे. वजन कुणाच्या अंगावर आहे ते नक्की कळत नाही. उजव्या कडेला एका टाळकऱ्याने टाळ छातीशी धरून थांबवलेत. फोटो किंचित हललाय, आणि डाव्या कोपऱ्यात कुणाची तरी प्लास्टिकची बाटली आलीय.

तुम्ही पहिला बाजूला काढून ‘कदाचित’ असं लिहिलंय आणि दुसरा ‘रद्द’मध्ये टाकलाय. मी उलट करीन. पहिला फोटो वीणा दिल्यानंतरच्या समारंभाचा आहे, दुसरा वीणा देण्याचा आहे. प्रदर्शनात सगळ्यात मोठी प्रिंट या दुसऱ्याची काढा. हललेपणाची काळजी करू नका, लांबून बघताना तो खुपणार नाही. बाटली क्रॉप करायची का? करू नका. डावीकडून कापायला गेलात तर आप्पांचा कोपर जातो, आणि त्या फोटोत बघायचं आहे ते त्या हातातच आहे. बाटली पुसूनही टाकू नका. घडलेल्या प्रसंगाच्या फोटोतून वस्तू काढायची नाही, घालायची नाही, हा नियम बातमीच्या फोटोला लागतो तसा गावच्या आठवणीलाही लागतो. पन्नास वर्षांनी तुमच्या नातवंडांना वारीत तेव्हा लोक पाणी कशातून प्यायचे ते या बाटलीतूनच कळेल.

हा फोटो मध्यावर आला की बाकीच्यांची निवड आपोआप बदलायला लागते. आता आळंदीतल्या पंचवीस फोटोंपैकी ज्यात आप्पांच्या गळ्यात वीणा आहे तो हवा, मग इंद्रायणीच्या घाटाचा सुंदर फोटो राहिला तरी चालेल. दिवेघाटाचा एकच ठेवा. तुमच्याकडे वरच्या वळणावरून काढलेला, दिंड्यांची नागमोडी रांग दिसणारा फोटो आहे, आणि दुसरा एक आहे ज्यात आप्पा कठड्याला टेकून गुडघा चोळतायत, मागे पताका निघून चालल्यात. पहिला फोटो वर्तमानपत्रात दरवर्षी येतो. तुमच्या भिंतीवर दुसरा हवा. फलटणला जे होणार आहे त्याची पहिली खूण तिथे आहे, आणि पुण्याहून सासवडपर्यंतची लांबलचक चाल अंगावर किती येते हे त्या एका हातावरून समजतं.

इतकं सांगूनही चाळीसच्या चाळीस फोटोंत आप्पा आणि पुतण्या नकोत. दहा-बारा पुरेत. दिंडी म्हणजे शंभरेक माणसांचा तीन आठवडे चालणारा संसार आहे, आणि तो चालवणारी माणसं फोटोत कमीच येतात, कारण दिंडी चालत असते तेव्हा ती दुसरीकडे राबत असतात. ट्रकमधून पुढे जाऊन राहुट्या ठोकणारे, पहाटे चूल पेटवणारे आचारी, पिठाच्या गोण्या मोजणारा, औषधाची पेटी सांभाळणारा, काकड्याला सगळ्यांना उठवणारा. तुमच्या दीडशेत भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचा एक फोटो आहे. त्यात परातीवर हेडलॅम्पचा उजेड पडलाय आणि मागे अजून रात्र आहे. तो मला फार आवडला. तो घ्याच, आणि साडेचार हजारांत त्याचे आणखी सोबती शोधा. दुपारी लोक झाडाखाली आडवे झालेले असताना कुणी फोटो काढले असतील तर तेही बघा. लोक थकून गेलेले, पायाला फोड आलेले, धोतर वाळत घातलेलं, असले फोटो पहिल्या फेरीत नेहमी मागे पडतात. दोन मोठ्या प्रसंगांच्या मध्ये श्वास घ्यायला तेच कामाला येतात.

रिंगणाबद्दल तुम्हाला वाईट वाटेल, पण नवाचे दोन करा. चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण, सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याचं गोल रिंगण, पुढे खुडूस, ठाकूरबुवा, बाजीरावाची विहीर, सगळीकडे अश्व धावले आणि तुम्ही सगळीकडे बटण दाबलंत. स्वाराचा अश्व आणि मागून येणारा माउलींचा मोकळा अश्व एका चौकटीत मिळणं सोपं नसतं, तो तुम्हाला मिळालाय, तेव्हा तो एक ठेवा. दुसरा अश्व निघून गेल्यानंतरचा ठेवा: टापांखालची माती कपाळाला लावायला वाकलेली माणसं. त्यात तुमच्या दिंडीतलं कुणी असेल तर उत्तम. पुतण्या वीणा सावरत एका हाताने माती उचलतोय असा फोटो कुणाकडे आहे का, ते खास शोधा. असेल अशी माझी आशा आहे.

समाज आरतीचा एकही फोटो चाळिसात नाही, आणि ही जागा भरलीच पाहिजे. तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या, टाळ-मृदंगाचा गजर, मग चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावला की क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या निघायची वेळ, आणि आरती. फोटोत आवाज येत नाही, म्हणून लोक हा प्रसंग सोडून देतात. पण लागोपाठ दोन फोटो लावून तो आवाज दाखवता येतो. एकात टाळ एकमेकांवर आदळताना, हात हललेले. त्याच्या शेजारी, त्याच जागेवरून, टाळ छातीशी घेतलेले आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला. दोन्हींचा आकार एकच ठेवा आणि मध्ये बोटभरच अंतर सोडा. हे दोन वेगवेगळ्या भिंतींवर गेले तर दोन्ही वाया जातील. फोटोची निवड करताना मी सगळ्यात जास्त वेळ या शेजारावरच घालवतो. एकट्याने सामान्य वाटणारा फोटो नीट शेजारी मिळाला की बोलायला लागतो. दोन देखणे फोटो शेजारी आले आणि दोघंही तेच सांगत असले, तर त्यातला एक काढून टाकावा.

आता कामाची पद्धत. चौघांच्या फोटोंची घड्याळं जुळलेली नाहीत. एका कॅमेऱ्याचं घड्याळ बरेच तास मागे आहे, म्हणून तुमच्या फोल्डरमध्ये संध्याकाळचा हरिपाठ पहाटेच्या काकड्याच्या आधी आलाय. चौघांनी टिपलेला एक क्षण घ्या, चोप वर गेलेला किंवा अश्व सुटलेला, आणि त्यावरून बाकीच्यांची वेळ लाइटरूममध्ये किंवा तशाच कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सरकवून घ्या. एका बैठकीत होणारं काम आहे, पण ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो बाजूला काढून मूळ फाइल मागवा. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू बहुतेकदा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते आणि फोटो काढल्याची वेळही निघून जाते. त्यातून १२ बाय १८ इंचांची प्रिंट धड येत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी येते.

पहिल्या फेरीत फक्त निरुपयोगी फोटो काढा: पूर्ण काळे, खिशात निघालेले, एकाच क्षणाचे दहा-दहा. या फेरीत चांगलं-वाईट ठरवू नका. मग आठवडाभर हात लावू नका. दुसऱ्या फेरीत कागदावरची वाक्यं समोर ठेवून दोनशेपर्यंत या, आणि त्या दोनशेंच्या साध्या ४ बाय ६ च्या प्रिंट काढा. खर्च होतो, पण स्क्रीनवर क्रम लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ नंतरच्या दोनेक वर्षांत अमेरिकाभर फिरून २७,००० हून जास्त फोटो काढले, त्यातून हजारेक कामचलाऊ प्रिंट काढून भिंतीवर आणि जमिनीवर मांडल्या, आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात शेवटी ८३ राहिले. त्यांना हा खटाटोप करावा लागला, तर आपल्यालाही सतरंजीवर बसायला हरकत नाही.

सतरंजीवर मांडताना प्रिंटच्या मागे कुणी काढला ते लिहू नका. ज्याने फोटो काढला त्याला तो मिळवायला काय काय करावं लागलं ते आठवत असतं. बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. ‘मी ट्रॅक्टरवर चढून काढला’ हे निवडीचं कारण होऊ शकत नाही. शेवटचा शब्द चौघांपैकी एकाचाच असू द्या, आणि तो कुणाचा ते मांडायच्या आधी ठरवा. चौघांच्या मतांची सरासरी काढलीत तर पुन्हा कॅलेंडरच येईल. मांडून झालं की वारीला न गेलेल्या एखाद्या बाईला किंवा शाळेतल्या मुलाला बोलवा, काहीही न सांगता ओळ दाखवा, आणि काय झालं ते त्यांनाच सांगायला लावा. ‘आजोबांची वीणा त्या दादाकडे का गेली?’ असं मुलाने विचारलं तर ओळ बरोबर लागली आहे. त्याला हे दिसलंच नाही, तर आधीच्या फोटोंत आप्पांची आणि वीणेची ओळख कमी पडली असं समजा.

क्रम वाटेचाच ठेवा. शहरातल्या गॅलरीत कदाचित मी वेगळं सांगितलं असतं, पण तुमच्या गावात प्रत्येकाला जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते हा क्रम पाठ आहे. वेळापूरचा धावा नीरास्नानाच्या आधी लागला तर लोक फोटो सोडून चूक दाखवत बसतील. मात्र प्रत्येक मुक्कामाला दोन-दोन फोटो अशी वाटणी करू नका. पुण्याच्या दोन मुक्कामांना एक फोटो पुरे. फलटण ते बरड या एका टप्प्याला सात-आठ द्या. विडणीच्या आसपास, नवी वीणा घेऊन पहिल्यांदा चालताना पुतण्याचा चेहरा कसा होता, टाळकरी त्याच्याकडे कसे बघत होते, आप्पा ट्रकच्या केबिनमधून कुठे बघत होते, हे सावकाश दाखवा. लांबचा फोटो, मग माणसांच्या उंचीवरचा, मग फक्त हात किंवा पाय, अशी अंतरं बदलत राहिली की बघणारा थकत नाही.

सभामंडपाचा फायदा घ्या. लोक देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतात, म्हणजे बाहेरच्या भिंतीकडे तोंड केलं तर ते डावीकडून उजवीकडे सरकतात. आपल्या वाचायच्या दिशेनेच. पहिला फोटो प्रदक्षिणा सुरू होते तिथे लावा. ज्या फोटोंत दिंडी उजवीकडे चाललीय ते चालीला साथ देतात. डावीकडे जाणारे थोडेच घ्या, आणि जिथे माणसांना थांबवायचं असेल तिथे लावा. दिशा जुळवायला फोटो उलटा छापू नका. पताकेवरची, ट्रकवरची अक्षरं उलटी होतात, आणि विणेकऱ्याचा हातच बदलतो. कागद मॅट घ्या, ट्यूबलाइटचा उजेड ग्लॉसीवर मारतो. फोटोचा मध्य साडेचार फुटांच्या आसपास येऊ द्या. बघायला मुलं आणि वाकलेली म्हातारी माणसंच जास्त येणार. मोठ्या प्रिंट तीनच: आळंदी, वीणा देताना, आणि पंढरपूर. रंग ठेवा. काळ्या-पांढऱ्याचा मोह मला समजतो, पण बुक्का, अष्टगंध आणि पताका यांचा रंग काढून घेण्यासारखं इथे काही कारण नाही.

फोटोओळीत फोटोत दिसतंय तेच लिहू नका. ‘वारकरी भजनात दंग’ हे फोटोकडे नुसतं बघितलं तरी कळतं. गाव, तिथी, माणसांची नावं आणि फोटोत न दिसणारी एखादी गोष्ट, एवढंच. ‘बरड. वीणा घेऊन पहिला मुक्काम. रात्री कीर्तनात आप्पा टाळ घेऊन उभे होते.’ अशी ओळ असली की बघणारा फोटोकडे परत वळतो. नावं मात्र एकूण एक लिहा, टोपणनावांसकट, आणि प्रत्येकाला विचारूनच.

विचारण्याचं निघालं म्हणून सांगतो. नीरेच्या आणि चंद्रभागेच्या स्नानाचे बायकांचे फोटो प्रदर्शनात घेऊ नका, कितीही लांबून काढलेले असोत. झोपेत तोंड उघडं राहिलेले, उलटी होत असलेले, रडणारे, यांना आधी छोटी प्रिंट नेऊन दाखवा आणि ‘लावू का?’ असं विचारा. नाही म्हणाले तर तिथेच विषय संपला. आणि सगळ्यात आधी आप्पांकडे जा. दिवेघाटात गुडघा चोळतानाचा आणि फलटणचा, दोन्ही फोटो त्यांना दाखवा, पुतण्यालाही सोबत न्या. ज्याच्या आयुष्यातला हा प्रसंग आहे त्याने तो गावासमोर लावायला होकार दिला पाहिजे. त्यांनी नको म्हटलं तर दुसरी गोष्ट निवडायची तयारी ठेवा. भाकऱ्यांच्या फोटोपासून सुरू होणारी, स्वयंपाकाच्या ट्रकची वारी हीसुद्धा तुमच्या साडेचार हजारांत नक्की आहे.

शेवटचा फोटो कुठला, असंही विचारलंय तुम्ही. कळसदर्शनाचा नको, तो शेवटून तिसरा-चौथा ठेवा. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की बहुतेकांचे कॅमेरे बंद होतात, पण तुमच्यापैकी एकाने परतीचे फोटो काढलेत: एसटीत झोपलेली माणसं, मांडीवर पिशव्या, आणि पुढच्या सीटवर कापडात गुंडाळलेली वीणा घेऊन जागा राहिलेला पुतण्या. तो फोटो शेवटी लावून बघा. त्याच्या बाजूला वीणा दिल्याचा फोटो येणार नाही, एवढी काळजी घ्या, नाहीतर दोन्ही एकमेकांचं महत्त्व कमी करतील.

आणि उरलेले चार हजार चारशे साठ पुसू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक दिंडीप्रमुखांकडे आणि एक गावच्या वाचनालयात. कोण कोण कुठल्या फोटोत आहे ते या कार्तिकीपर्यंत लिहून काढा, कारण ते ओळखू शकणारी काही माणसं ऐंशीच्या पुढे आहेत.